काउंट कमी, रक्त घट्ट

शेळीच्या दुधाला वास येतो. उकळा, वेलची घाला, साखर घाला, फ्रिजमध्ये गार करा, तो जात नाही. भिजलेली घोंगडी घरात वाळत घातली की जो वास सुटतो, तोच हा. आणि हे दूध मोठ्या स्टीलच्या पेल्यात भरून सासूबाई रोज सकाळी माझ्या बिछान्याशी येऊन उभ्या राहायच्या. "चलो, नाक धर आणि संपव," म्हणायच्या. मला पाचवा महिना होता. तेव्हा नुसत्या टूथपेस्टच्या वासानंसुद्धा माझ्या पोटात ढवळायचं, आणि इथं बकरी थेट उशाशी आणून बांधलेली.

दिल्लीत पाऊस संपला की डास येतात आणि डासांच्या मागोमाग प्लेटलेट येतात. तशा त्या प्रत्येकाच्या रक्तात बारा महिने असतात, पण लोकांना आठवण होते ती सप्टेंबर ते दिवाळी एवढीच. त्या दिवसांत आमच्या नोएडाच्या सोसायटीत, लिफ्टमध्ये, 'नमस्ते'च्या जागी 'काउंट कितना है' विचारतात. कुणाच्या भाच्याचा इतका झाला, कुणाच्या जावयाचा तितका, कुणी कीवी खाऊन चढवला, कुणी गुळवेल. ज्यांना मलेरिया आणि डेंग्यूतला फरक सांगता येणार नाही, ते काउंटवर अर्धा तास बोलतात. मी एका हिंदी न्यूज चॅनेलच्या डेस्कवर काम करते, तिथंही तेच. शेजारच्या टेबलवर प्लेटलेट वाढवण्याचे पाच घरगुती उपाय बसल्या बसल्या रचले जात होते आणि चौथा सुचत नव्हता म्हणून चहा मागवला होता. मला या शब्दाचाच वीट आला आहे.

कारण माझं दुखणं प्लेटलेटचंच, पण उलटं.

आधी दोन वेळा दिवस गेले होते. पहिल्या वेळी तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. दुसऱ्या वेळी पाचवा लागला होता, पोट दिसायला लागलं होतं, ऑफिसात लोक खुर्ची पुढं करायला लागले होते, आणि एका सकाळच्या स्कॅनला ठोका मिळाला नाही. त्यानंतर महिन्याभरात माझी डावी पोटरी सुजून टणक झाली. तिच्यात रक्ताची गुठळी निघाली. गुठळीचं कारण शोधताना माझ्या रक्तात अशा ॲन्टिबॉडी सापडल्या, की ज्या माझ्याच अंगावर उठलेल्या होत्या. म्हणजे दोन बाळं गेल्यावर, पाय जायची वेळ आली तेव्हा कुठं रोगाचा पत्ता लागला.

माझी रक्ताची डॉक्टर पंजाबी बाई आहे, माझ्याच वयाची, फटकळ. मला आवडते. तिनं कागदावर गोळे काढून समजावलं होतं. कुठं कापलं, खरचटलं की प्लेटलेटनी एकमेकींना चिकटून भोक बुजवायचं, एवढंच त्यांचं काम. एरवी त्या रक्तात गुमान वाहत असतात. माझ्या ॲन्टिबॉडी काही कारण नसताना त्यांना जाऊन चिकटतात, डिवचतात, आणि मग त्या कुठं काही कापलेलं नसताना एकमेकींना धरून गुठळ्या करत बसतात. अशा चिकटलेल्यांपैकी काहींना शरीरच मोडीत काढतं. म्हणून मोजणीच्या यंत्रात आकडा कमी येतो. गल्लीत भांडण लागलं की घरं रिकामी दिसतात, त्यातलंच हे. घरात माणसं दिसत नाहीत म्हणून ती मेलेली नसतात, बाहेर एकमेकांच्या झिंज्या धरून उभी असतात. तेव्हा काउंट कमी आणि तरी रक्त घट्ट. हे एवढंच समजायचं होतं. मला पहिल्या बैठकीत समजलं, आणि मी काही सायन्सवाली नाही.

गरोदरपणी या गुठळ्या वारेच्या बारीक बारीक नळ्यांत होतात. बाळाला रक्त पोचत नाही. त्यावर उपाय म्हणजे रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन, रोज, पोटात, बाळ होईपर्यंत आणि झाल्यावरही काही आठवडे. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा डॉक्टरनं पहिल्या दिवशीच बजावलं, "बाकी कुछ भूल जाइए, ये मत भूलिए." मी विसरले नाही. रोज सकाळी बेडरूमचं दार लावायचं, पोटाची चिमूट धरायची, सुई घालायची, हळूहळू दट्ट्या दाबायचा. आग होते. जागा काळी-निळी पडते. नवरा सुई बघूच शकत नाही, तो बाल्कनीत जाऊन कपडे वाळलेत का ते बघायचा. सासूबाईंना हे चाललंय ते माहीत होतं, पण दाराच्या आड काय होतं ते त्यांनी पाहिलेलं नव्हतं आणि मी दाखवलेलं नव्हतं. दाखवायची काय ती वस्तू.

पाचव्या महिन्याच्या तपासणीत काउंट उतरला. फार नाही, पण कागदावर लाल रंगात येण्याइतका. डॉक्टरनं पाहिलं, इंजेक्शनमुळं तर उतरत नाही ना म्हणून आणखी एक तपासणी करून घेतली, ती स्वच्छ आली. म्हणाली, "आपकी बीमारी में ये होता है. सुई चालू." विषय संपायला हवा होता. पण रिपोर्ट नवऱ्याच्या फोनवर आला होता, त्यानं चहा घेताना तो मोठ्यानं वाचला, आणि दिवस ऑक्टोबरचे. सासूबाईंनी कप खाली ठेवला. लाल आकडा एवढंच त्यांनी ऐकलं. रोग, गुठळी, ॲन्टिबॉडी, सगळं कानावरून वाहून गेलं. "म्हणजे डेंग्यू," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, आई, मला ताप नाही. "बिनतापाचापण असतो आजकाल," त्या म्हणाल्या.

सासूबाईंचं अख्खं आयुष्य करोल बागेत गेलं. सासरे सरकारी नोकरीत होते, ते गेल्यावर त्या आमच्याकडे नोएडाला आल्या, पण मनानं अजून तिथल्याच गल्लीत असतात. तिथं जे कळतं ते खरं. फोन लावले गेले. दुसऱ्या दिवशी यमुनेच्या काठावरून मोटारसायकलवर बकरीचं दूध आलं. त्यानंतर पपईची पानं आली, चांगली पिशवीभर, देठांतून चीक गळणारी. ती मिक्सरमधून काढून, फडक्यानं पिळून, एका वाटीत काळपट हिरवं पाणी माझ्यासमोर ठेवलं गेलं. ते फडकं बेसिनवर वाळत टाकलं होतं. त्यावरचे डाग मला अजून डोळ्यांसमोर दिसतात.

आता गंमत ऐका. दिवस राहिले हे कळल्यापासून आमच्या घरात पपई बंद होती. फळवाल्याच्या गाडीवर कापलेली दिसली तरी सासूबाई मला पलीकडच्या बाजूनं चालायला लावायच्या. पपईनं पोट पडतं, हे त्यांच्या आईनं सांगितलेलं, आईच्या आईनं सांगितलेलं. मी विचारलं, "आई, पपई चालत नाही ना?"

"फळ चालत नाही," त्या म्हणाल्या. "पानाचं कुणी काही सांगितलेलं नाही."

हा कायदा ऐकून मी हात टेकले. एकदा, एकदाच, नवरा गयावया करतोय म्हणून एक घोट घेतला. कडू म्हणजे किती कडू, जीभ आत ओढली जाते. तो घोट आणि आदल्या रात्रीचं जेवण दोन्ही बेसिनमध्ये गेलं. सासूबाई मागं उभ्या राहून म्हणाल्या, "थोडं तरी आत राहिलं असेल." त्यानंतर मी वाटी घेऊन बाथरूममध्ये जायचे आणि रिकामी घेऊन यायचे. डॉक्टरला फोनवर सांगितलं तर तिनं विचारलं, "घर में कोई पढ़ा-लिखा है?" मी सांगितलं, सगळेच आहेत.

खरा वैताग पुढं आला आणि तो काकांच्या रूपानं आला. काका म्हणजे सासऱ्यांचे चुलतभाऊ, दिल्लीतल्या मराठी मंडळींत मोठं प्रस्थ. जानेवारीत पानिपतच्या काला अंब स्मारकाला बस घेऊन जाणारे तेच, तिथं भाषण करणारे तेच, कुणाच्या मुलीचं लग्न अडलं, कुणाची बदली अडली, विचारायचं काकांना. ते निवृत्त डॉक्टर आहेत. कातडीचे. आयुष्यभर त्यांनी खरूज आणि नायटे तपासले, त्यात ते हुशारही असतील, माझं म्हणणं नाही. पण या माणसांत एकदा 'डॉक्टर' झालं की तो डोक्याच्या केसापासून पायाच्या नखापर्यंत डॉक्टर, आणि वयानं मोठा असला की त्याच्यावर कुणी डॉक्टर नाही. रक्ताची डॉक्टर पंजाबी, तरुण, फी घेणारी. काका आपले, फुकट, आणि मराठीतून बोलणारे. सासूबाईंनी त्यांना काउंट कळवला. त्यांनी विचारलं, औषधं काय चालू आहेत. सासूबाईंनी सांगितलं, रक्त पातळ करायचं इंजेक्शन.

फोन स्पीकरवर होता, मी स्वयंपाकघरातून ऐकलं. "प्लेटलेट कमी आणि वर रक्त पातळ करताय? वहिनी, पोरगी रक्ताच्या थारोळ्यात सापडेल एक दिवस. ताबडतोब बंद करा."

मी बाहेर येऊन सगळं परत सांगितलं. गोळे काढून दाखवले, डॉक्टरनं काढले होते तसे. नवऱ्यानं मान डोलावली. हा माणूस आयटीत आहे, दिवसभर लोकांच्या सिस्टिममधल्या चुका शोधतो. त्यानं मान डोलावली म्हणजे त्याला पटलं, असं मी धरून चालले. घोडं तिथंच पेंड खात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खणात इंजेक्शनचा डबा नव्हता. नवरा म्हणाला, "संपलं गं, केमिस्टकडे स्टॉक नाही, संध्याकाळी येतंय." संध्याकाळी म्हणाला, उद्या सकाळी पक्कं. सकाळी म्हणाला, "आज स्कॅनला जायचंय ना, येताना घेऊच. काकांच्या ओळखीचं सेंटर आहे करोल बागेत, लगेच नंबर लागेल." स्कॅन पुढच्या आठवड्यात ठरलेला होता, पण लवकर झाला तर मला हवाच होता. त्या दोन दिवसांत बाळाची हालचाल मला नीट जाणवत नव्हती. जाणवत नव्हती की मी घाबरले होते म्हणून जाणवत नव्हती, कोण जाणे. सासूबाई सोबत निघाल्या. गाडीत त्यांनी थर्मास मांडीवर घट्ट धरला होता. त्यात काय होतं ते मी विचारलं नाही, वास आलाच होता.

सेंटर कसलं, एका कपड्याच्या दुकानावरचं नर्सिंग होम. जिन्यात पानाच्या पिचकाऱ्या. वर एका खोलीत चार खाटा, त्यातल्या तिनांवर तापानं पडलेली माणसं आणि चौथी माझ्यासाठी रिकामी. चादरीवर आधीच्या माणसाच्या डोक्याच्या तेलाचा डाग होता. मी बसले नाही. नर्स आली, हात धरला, आणि बोलता बोलता सुई घालून पट्टी चिकटवून मोकळी झाली. मी म्हटलं, स्कॅनला हे कशाला? ती म्हणाली, "सर ने बोला है." तेवढ्यात काका आले. त्यांच्यामागून मराठी मंडळाचे एक बँकेतले गृहस्थ आले. त्यांच्या कोपरावर कापसाचा बोळा होता आणि हातात केळं. "वहिनी, अजिबात घाबरायचं नाही," ते केळं खात मला म्हणाले, "आपलीच माणसं आहोत."

आणि मग नर्सनं ती पिशवी आणली. पिवळट, गढूळ, आदल्या दिवशीच्या वरणाचं पाणी असतं तशी. आत काहीतरी संथ हलत होतं. त्या बँकेतल्या गृहस्थांच्या प्लेटलेट. मी ती पिशवी पाहिली, मग नवऱ्याकडं पाहिलं. तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.

"हे कुणाला?" मी विचारलं.

"तुलाच," काका म्हणाले. "बिल्कुल काही होत नाही. तासाभरात काउंट वर."

"आणि स्कॅन?"

काकांनी नर्सला खूण केली. तेव्हा मला सगळं कळलं. केमिस्टकडचा स्टॉक, संध्याकाळ, सकाळ, सगळं. माझी शुद्ध फसवणूक करून मला इथं आणलं होतं, आणि ज्यानं आणलं तो रोज रात्री माझ्या पोटाला कान लावून झोपायचा. माझा संताप झाला असं म्हटलं तर ते खोटं होईल. संताप नंतर आला. आधी मला त्याची किळस आली. त्याच्या इस्त्रीच्या शर्टाची, खाली घातलेल्या मानेची, त्याच्या प्रेमाचीसुद्धा.

मी डॉक्टरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. सांगितलं कुठं आहे, समोर काय आहे.

"ब्लीडिंग हो रही है कहीं से?"

"नहीं."

"तो प्लेटलेट किस खुशी में? ये तो लड़ने वालों को और आदमी भेज रहे हैं. सुई कब ली?"

"परसों."

ही बाई एरवी मोठ्यानंच बोलते. या वेळी ती एकदम हलक्या आवाजात म्हणाली, "अभी लीजिए. वहीं खड़े खड़े. फिर सीधे मेरे पास."

काकांना राग आला. फोन बंद झाल्यावर आला, आधी नाही. "मी चाळीस वर्षं प्रॅक्टिस केली आहे," ते म्हणाले.

"खरजेची," मी म्हटलं.

बँकेतले गृहस्थ केळं चावायचे थांबले. "वहिनी, सुनेच्या जिभेला काही हाड?" काकांनी सासूबाईंना विचारलं. सासूबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. काकांना आमच्या घरात कुणी उलट उत्तर दिलेलं नव्हतं, सासऱ्यांनीसुद्धा नाही. मी नवऱ्याला विचारलं, डबा कुठाय. तो म्हणाला, गाडीच्या डिकीत. फेकला नव्हता, एवढी तरी अक्कल होती. मी म्हटलं, घेऊन ये. तो धावत गेला आणि धावत आला.

हातातली सुई मी नर्सकडून काढून घेतली. तिनं कापूस नीट दाबला नाही, रक्त मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. काका म्हणाले, "बघा, बघा, थांबतंय का." मी अंगठ्यानं दाबून धरलं, थोड्या वेळानं ते थांबलं. मग तिथंच, तापाच्या तीन माणसांसमोर, काकांसमोर, केळंवाल्यासमोर, मी कुर्ता वर केला.

माझं पोट मला बघवत नसे. आंघोळीला मी आरशाकडं पाठ करायचे. बेंबीच्या दोन्ही बाजूंना जागाच उरली नव्हती. ताजे डाग जांभळे, त्याच्या आधीचे निळे, त्याच्या आधीचे हिरवट, सगळ्यांत जुने पिवळे, एकमेकांत मिसळलेले. मध्ये मध्ये गाठी. खराब झालेल्या फळाची साल दिसते तसं ते दिसायचं. मी त्यातल्या त्यात बरी जागा शोधून चिमूट धरली आणि सुई घातली. काकांनी तोंड फिरवलं. नर्ससुद्धा "अरे बाप रे" म्हणाली. मी दट्ट्या हळू हळू दाबत होते आणि दाबता दाबता सासूबाईंकडं लक्ष गेलं. त्या हलल्या नव्हत्या. थर्मास त्यांच्या छातीशी होता आणि डोळे माझ्या पोटावर.

"हे रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज," मी म्हटलं.

काका पुन्हा काहीतरी बोलायला लागले. रक्त, जबाबदारी, आजकालच्या मुली. सासूबाई त्यांच्याकडं वळल्या. "भाऊजी, तुम्ही आता गप्प बसा," त्या म्हणाल्या, आणि थर्मास त्या तेलकट खाटेवर ठेवून जिन्याकडं चालू लागल्या.

डॉक्टरच्या हॉस्पिटलपर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. स्कॅनची खोली आठवते. पोटावर गार जेल, अंधार, आणि स्कॅन करणारी बाई काही न बोलता यंत्र फिरवत होती. दुसऱ्या वेळीसुद्धा त्या बाईनं असंच काही न बोलता यंत्र फिरवलं होतं. मी पडद्याकडं बघितलं नाही. छतावर एक ओल आलेली जागा होती, तिच्याकडं बघत राहिले. माझ्या मनात प्रार्थना वगैरे काही नव्हती. हेही बाळ गेलं तर मी या माणसांत पुन्हा राहणार नाही, एवढंच ठरवत होते. मग यंत्रातून आवाज आला. भरभर, भरभर, कुणी घाईनं पायऱ्या चढत असल्यासारखा. नवरा दाराशी उभा होता, तो तिथंच खाली बसून रडायला लागला. मला त्याच्याकडं बघावंसं वाटलं नाही.

बाहेर डॉक्टरनं त्याला झापला. तो सगळं ऐकून घेत होता. तेवढ्यात सासूबाई बाकावरून उठून डॉक्टरसमोर उभ्या राहिल्या. हिंदीत विचारलं, "और पहले वाले दो?"

डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं. मग त्यांना म्हणाली, "माताजी, वो भी यही था. तब किसी को पता नहीं था. पता होता तो यही सुई देते, शायद बच जाते. इसने कुछ गलत नहीं किया था."

"अच्छा," सासूबाई म्हणाल्या.

परतताना यमुनेच्या पुलावर नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली होती. खिडक्या बंद असूनही नदीचा वास आत येत होता. सासूबाई माझ्याशेजारी मागं बसल्या होत्या. एकाएकी म्हणाल्या, "गाडी बाजूला घे." नवरा म्हणाला, आई, इथं कशी घेऊ. "घे म्हणते ना," त्या ओरडल्या. त्यानं कडेला घातली. मागच्यांनी भोंगे वाजवून कान किटवले. सासूबाई दार उघडून कठड्याशी गेल्या आणि वाकून ओकल्या. पोटात होतं नव्हतं ते सगळं. मी उतरून त्यांचा खांदा धरला. त्यांच्या पदरावर, माझ्या चपलांवर उडालं. मी पाठीवरून हात फिरवत राहिले.

"मी म्हणाले होते तुला," त्या कठडा धरून म्हणाल्या. "दुसऱ्याच्या वेळी. मेथी निवडत होतीस तू. तुझ्या पोटात काही टिकत नाही, म्हणाले होते."

म्हणाल्या होत्या. मी मेथी निवडत राहिले होते. आता जाऊ द्या म्हणवेना, कारण ते गेलेलं नव्हतं. मी पाण्याची बाटली उघडून त्यांच्या हातात दिली. त्यांनी चूळ भरली, तोंड पुसलं, आणि म्हणाल्या, "उद्यापासून ती सुई मला शिकव. तुला स्वतःच्या पोटात घालायला लागते, हे बरं नाही."

शिकवली. पहिल्या दिवशी मी त्यांचं मनगट धरून सुई घालायला लावली. नंतर सवय झाली. मऊ जागा त्यांना माझ्यापेक्षा चांगली सापडायची. दार आता लावलं जात नसे. नवऱ्याला त्या हाक मारून समोर उभं करायच्या, "बघ," म्हणायच्या, "बाल्कनीत जायचं नाही." तो बघायचा, पांढराफटक व्हायचा, तरी उभा राहायचा. त्याच्याशी मी कामापुरतं बोलत होते. करोल बागेचे फोन यायचे, सासूबाई एका वाक्यात संपवायच्या. काकांचा आला की उचलायच्या नाहीत.

होळीच्या आसपास सिझेरियन झालं. मुलगी, लहानखुरी, पण रडायला खणखणीत. मला वॉर्डात आणलं तेव्हा नर्स दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन सासूबाईंसमोर आली आणि बक्षिशीच्या आशेनं हसली. सासूबाईंनी हातानंच तिला थांब म्हटलं. माझ्या अंगावरची चादर बाजूला केली, बँडेजच्या वर दिसणाऱ्या त्या हिरव्या-पिवळ्या डागांवर तळवा ठेवला, आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग हात पुढं करून बाळ घेतलं.